करुणाष्टकांचा चेहरा कुठे आहे?

समर्थ रामदासांचे चित्र म्हटले की भगवी छाटी, जटा, दाढी, हातात कुबडी आणि सूर्यनमस्कारांनी कमावलेले शरीर डोळ्यांपुढे येते. मागे बहुधा सज्जनगड, नाहीतर समोर हात जोडलेले शिवाजी महाराज. त्या दोघांची भेट केव्हा झाली, यावर इतिहासकारांत वाद आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. या चित्रांतून गुरू भेटतो, महंत भेटतो, बलोपासक भेटतो. कवी भेटत नाही.

करुणाष्टके या रामदासांच्या आळवणीच्या काव्यातला माणूस आतून पोळलेला आहे. मन आवरत नाही, जवळचे कुणी उरले नाही, आयुष्य हातातून निसटते आहे, म्हणून तो रामाला हाका मारतो. मनाच्या 205 श्लोकांतला धीर या कासाविशीतून आलेला आहे. चित्रकाराने तो धीर तेवढा उचलला, त्यामागची तगमग सोडून दिली. म्हणून घराघरांतल्या तसबिरींत चेहरा करारी आहे, पण त्याला भूतकाळ नाही.

तो भूतकाळ जालना जिल्ह्यात आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली नारायण ठोसरांचा, म्हणजे पुढच्या रामदासांचा, जन्म झाला. गोदाकाठचा हा सपाट मुलूख, दूरवर पसरलेली शिवारे, लपायला डोंगर नाही. बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवातून निघून गेलेला मुलगा या उघड्या रानातून नाशिककडे गेला. रामदासांच्या चित्रांत सह्याद्री हटकून येतो. हे रान क्वचितच दिसते. चरित्रकार सांगतात की आई राणूबाई मुलासाठी रडून रडून आंधळ्या झाल्या आणि चोवीस वर्षांनी तो दारात उभा राहिला. दृष्टी परत आल्याचा चमत्कार रंगवणे सोपे. त्याआधीचा क्षण, समोर आई असूनही तिला आपण दिसत नाही हे कळलेल्या मुलाचा चेहरा, तो कुणीतरी रंगवायला हवा.

चेहऱ्यातून कवी दाखवणे जमू शकते. ‘प्रभात’च्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांनी ते करून दाखवले. अभंग त्यांच्या ओठांवर येण्याआधी चेहऱ्यावर उमटतो. प्रेक्षकांनी त्यांच्यातच तुकोबा पाहिले.

व्यक्तिचित्रणापेक्षा आपल्याकडे सुलेखन कवीच्या अधिक जवळ गेले आहे, असे मला वाटते. अच्युत पालवांनी मोडीच्या वळणांतून मुक्तलिपी घडवली, तेव्हा अक्षराचा श्वास दिसू लागला. रामदास तर स्वतः अक्षराचे वेडे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे: अक्षर कसे वाटोळे, सुटे असावे, ओळ कशी सरळ जावी. त्यांच्या हातचे म्हणून जपलेले वाल्मीकि रामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. समर्थांचे चित्र काढू पाहणाऱ्याने रूढ तसबिरीची नक्कल करण्याआधी ती पाने पाहावीत, हात कुठे ठाम आहे, कुठे घाईत आहे ते निरखावे. मग जांबेला जावे. आणि दाढी-जटांचा म्हातारा सोडून नाशिकजवळच्या टाकळीत तप करणारा विशीतला तरुण काढावा, ज्याला आपण पुढे समर्थ होणार हे अजून ठाऊक नाही.