मान आणि आज्ञापालन : पंडिता रमाबाईंच्या पत्रांतील एक भेद

पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या वादाची पत्रे दोन प्रकारे वाचता येतात. एका वाचनात रमाबाई बंडखोर ठरतात, दुसऱ्यात कृतघ्न. परंतु दोन्ही वाचनांचे गृहीत एकच : अधिकाऱ्याचा मान राखणे म्हणजे त्याची आज्ञा पाळणे. हे गृहीत पत्रांच्या भाषेशी जुळत नाही. उभय पक्षांना प्रमाण असलेल्या ग्रंथाच्या भाषेशीही ते जुळत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि बिशपांचे मत प्रतिकूल पडले. मे १८८५ मधील पत्रात रमाबाई देवाच्या वचनाचे पालन आणि धर्मगुरूंचे आज्ञापालन यांत स्पष्ट भेद करतात. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत या सूचनेवर, लॅटिनमध्ये संस्कृतहून अधिक पावित्र्य ते कोणते, असा त्यांचा प्रश्न आहे. तथापि याच पत्रव्यवहारात जेराल्डीनबाईंना त्या ‘आजीबाई’ असे मराठी नात्याने संबोधतात. नकार इंग्रजीत आणि आदर मराठीत, अशी ही वाटणी अर्थपूर्ण आहे. आजीचे म्हणणे न पटले तरी तिचे आजीपण उणावत नाही.

आता मूळ ग्रीकाकडे वळू. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायातील एका वचनात, सेप्तुआगिंत या प्राचीन भाषांतरात, देव आणि राजा या दोघांसाठी ‘भय धरणे’ हे एकच क्रियापद आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र ही जोडी फोडलेली दिसते. ‘फोबेओ’ हे भयवाचक क्रियापद केवळ देवाकडे राहते. राजासाठी ‘तिमाओ’, म्हणजे मान देणे, हे येते. शिवाय त्याच वचनाच्या आरंभी हेच ‘तिमाओ’ सर्व मनुष्यांसाठी योजिले आहे. अर्थात राजाला जो मान, तोच सर्वांना. प्रेषितांच्या कृत्यांत धर्मसभेपुढे जो नकार दिला जातो त्याचे क्रियापद तिसरेच, ‘पेइथार्खेओ’ : सत्ताधाऱ्याची आज्ञा पाळणे. तेथे नाकारले जाते ते आज्ञापालन.

यावर दोन आक्षेप संभवतात. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्यकर्त्यांच्या बाबतीत भयाचाही उल्लेख करतो. इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर मंडळीच्या पुढाऱ्यांचे ऐकावे असेच सांगितले आहे, आणि जेराल्डीनबाईंची भूमिका अशाच वचनांच्या जवळची होती. तेथील ‘पेइथो’ धातूचा मूलार्थ ‘पटवून देणे’ असा असला तरी केवळ धात्वर्थावरून रूढार्थ ठरत नाही. त्या आधारावर आक्षेप उडवून लावणे शास्त्रीय होणार नाही. तेव्हा नव्या करारात आज्ञापालनाचा उपदेश आहे, हे मान्यच केले पाहिजे. मात्र मानाला तशी मर्यादा नाही आणि आज्ञापालनाला ती आहे, एवढे या क्रियापदांच्या योजनेवरून दिसते.

रमाबाईंच्या पत्रांचे मूल्य येथेच आहे. आज्ञा नाकारताना त्यांनी नाते नाकारले नाही, आणि नाते राखण्यासाठी विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. त्यांना बंडखोर किंवा कृतघ्न म्हणणारी टीका हा भेद पुसून टाकते.