पाणवठ्यावरची दोन टिपणे

अलीकडे आपल्या मासिकांतून व दिवाळी अंकांतून अरण्यवर्णनाचा एक नवा प्रकार रूढ होऊ पाहत आहे. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास नगरवासी स्त्रीपुरुष स्वयंसेवक म्हणून एखाद्या अभयारण्यात जातात, मचाणावर रात्र काढतात, पाणवठ्यावर येणाऱ्या श्वापदांची नोंद करतात आणि घरी परतल्यावर लेख लिहितात. वैशाखात ओढेनाले आटलेले असतात. उरल्यासुरल्या पाण्याकडे येण्यावाचून प्राण्यांना गत्यंतर नसते, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात ते दिसतात. ह्या मोजणीला शास्त्रीय मोल आता फारसे उरलेले नाही, कारण एकच सांबर दोनदा आले तर ते दोनदा मोजले जाते. वाघांची गणती स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होऊ लागली आणि ह्या रात्रीस महाराष्ट्रात ‘निसर्गानुभव’ असे नाव मिळाले. त्या अनुभवाचे वाङ्मयात काय होते, हे पाहावयाचे आहे.

त्यासाठी दुसऱ्या कोणाचा लेख चव्हाट्यावर आणण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाच्या हातून तसा एक लेख घडलेला आहे. काही वर्षांपूर्वी मी सपत्नीक नागझिऱ्यास गेलो होतो. मुक्काम दोनच दिवसांचा. त्यांतली एक रात्र मचाणावर. माझ्या लेखातला उत्कर्षबिंदू असा होता: चांदण्याने न्हालेल्या वनभूमीवर एक सांबर-माता आपल्या पाडसासह अवतरली, तिने करुणार्द्र नेत्रांनी आम्हांकडे पाहिले आणि स्वप्नासारखी ती वनराजीत विलीन झाली. मित्रांनी ह्या वाक्याची फार प्रशंसा केली.

नोंदीचा कागद पत्नीच्या हाती होता. त्याच प्रसंगाविषयी तिने लिहिले होते: “रात्री ९-४०. सांबर, मादी १, पिल्लू १. पाण्यापासून वीस हातांवर. विजेरीच्या उजेडाने थबकली. पाणी न पिता परत. पहाटेपर्यंत पुन्हा दिसली नाहीत.”

ती विजेरी मी लावली होती, घड्याळ पाहण्यासाठी. लेख छापून आल्यावर पत्नीने तो शांतपणे वाचला आणि एवढेच विचारले, “ती तहानलेली गेली, हे कुठे लिहिलंत?”

टीकाकाराच्या धंद्यात तीस वर्षे घालवूनही मला ह्या प्रश्नास उत्तर देता आले नाही. माझे वाक्य अलंकृत होते, हा त्याचा दोष नव्हे. त्यातील करुणा सांबरीच्या डोळ्यांत घालून मी स्वतःचा अपराध झाकला होता, हा खरा दोष. जनावराची भीती मी शोभेस लावली.

शाकुंतलाच्या प्रारंभी रथापुढे धावणारा मृग कालिदासानेही सुंदरच रंगविला आहे. पण धापा टाकणाऱ्या त्याच्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत, हे तो विसरत नाही. शिवाय मृग का धावतो आहे, हेही आपल्याला दिसते. बाण लावलेला राजा त्याच चित्रात उभा आहे.

मराठीतही ही दृष्टी आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी (१९२७–२००१) ह्याच रानावर ‘नागझिरा’ लिहिले. वानरांच्या टोळ्यांतील झुंजीवर ‘सत्तांतर’ लिहिले, ज्यास १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे वाक्य आखूड असते, कारण पाहणे चालू असताना लांब वाक्यास सवड नसते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांचे उमेदीचे आयुष्य वनखात्याच्या सेवेत गेले. रानातल्या माणसांकडून त्यांनी पशुपक्ष्यांच्या खुणा व नावे शिकून घेतली.

कोणी म्हणेल, दोन दिवसांच्या पाहुण्याकडून एवढ्या तपश्चर्येची अपेक्षा कशी करावी? आक्षेप रास्त आहे. परंतु मुदत थोडी असणे हा वाङ्मयीन दोष नव्हे. पाहुण्याने पाहुणा म्हणून लिहावे. आपण मचाणावर होतो, आपला वास वाऱ्यावर गेला, आपण कुजबुजलो, हे सर्व त्या रात्रीचाच भाग असते. ते गाळले की उरते ते अरण्य नव्हे, तर आपल्या मनाची आरास.

आणि केवळ नोंद म्हणजे वाङ्मय, असेही माझे म्हणणे नाही. पत्नीच्या कागदावर चांदणे नाही, मोहाचा वास नाही. आणि त्या मायलेकरांची पाठमोरी आकृती दिसेनाशी होईपर्यंत तिने रोखून धरलेला श्वासही नाही. ते लिहिणे माझे काम होते. सामग्री सर्व माझ्याजवळ होती. फक्त विजेरी तेवढी वगळायला नको होती.

पुढे निबंधसंग्रहासाठी हा लेख मागण्यात आला, तेव्हा ते प्रशंसित वाक्य काढून त्या जागी पत्नीची नोंद जशीच्या तशी घातली. लेखाचा तोल त्यामुळे बिघडला आहे, हे मला दिसते. तो तसाच राहू दिला आहे.