सभासदाची जिंजी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी दुर्गांपैकी बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी. आम्हां अड्यारकरांस या बातमीचे अप्रूप अधिक वाटले, कारण महाराष्ट्राबाहेरचा तो एकटा दुर्ग आमच्यापासून अवघ्या दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तांबरम, चेंगलपट्टू, तिंडिवनम असा रस्ता धरावा आणि दुपारच्या आत पायथा गाठावा. बदलीच्या निमित्ताने इकडे आलेली तरुण दांपत्ये पाठीवर पिशव्या टाकून तेथे जाऊन येतात आणि परतल्यावर त्यांतील काही लेखणीही हाती घेतात. अशी बरीच वर्णने आमच्या वाचनात आली आहेत, त्यांविषयीच येथे लिहावयाचे आहे.

या वर्णनांचा पूर्वार्ध बहुधा सरस असतो. पहाटेची निघण्याची धांदल, तिंडिवनमची इडली, पायऱ्या चढता चढता पत्नीने मागे टाकलेला पती, पाण्याच्या बाटलीवरून झालेले लहानसे भांडण हे सारे मोकळ्या मनाने लिहिलेले असते. परंतु कल्याण महालापाशी येताच लेखकास कसले तरी भान येते. पायरी संपते आणि व्याख्यान सुरू होते. ‘पावन भूमी’, ‘धगधगता इतिहास’, ‘रोमांच उभे राहिले’ असे शब्द रांगेने येऊ लागतात, आणि मघाशी भांडणारी ती दोन जिवंत माणसे त्यांत कोठे हरवतात ते कळत नाही. समोरची धान्यकोठारे एका वाक्यात आटोपतात.

वास्तविक जिंजीचा इतिहास असा आहे की त्यास विशेषणांची गरजच पडू नये. १६७७ मध्ये शिवछत्रपतींनी हा दुर्ग घेतला. १६८९ मध्ये रायगडास वेढा पडल्यावर राजाराम महाराज वेष पालटून दक्षिणेकडे निघाले. वाटेत बिदनूरच्या राणी चेन्नम्मांनी त्यांस साहाय्य केले, आणि ते जिंजीस पोहोचले. ताराबाई मागाहून आल्या. पुढे झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून १६९८ च्या आरंभापर्यंत चालला. या वेढ्याचे मर्म धान्यात आहे. संताजी-धनाजींनी रसद तोडल्यावर उपासमार वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत झाली, शहाजादा कामबक्ष स्वपक्षीयांच्याच कैदेत पडला, आणि १६९३ च्या आरंभी खानास वांदिवाशकडे हटावे लागले. हे ज्यास ठाऊक आहे त्याने कोठारांपाशी घटकाभर थांबावे, त्यांच्या भिंतींची जाडी डोळ्यांनी मोजावी. तेथे जे सुचेल ते रोमांचांहून मोलाचे असेल.

मात्र हा दोष आजच्या दांपत्यांचाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची परंपरा थोर आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्राची आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीतच लिहिली. हाही परमुलखी राहिलेला एक अधिकारीच! भोवती वेढा, खाली तमिळ मुलूख आणि डोळ्यांपुढे रायगड अशा स्थितीत त्याने मराठी गद्यास ते आटोपशीर, तुटक, काटेकोर वळण दिले. बखरीत जिंजी येते ती कर्नाटकच्या स्वारीतील एक जिंकलेले स्थळ म्हणून. ज्या कातळावर बसून लेखणी चालली त्याचे वर्णन तीत नाही. सभासदास आम्ही बोल लावत नाही. त्याची आज्ञा निराळी होती आणि प्रसंगही निराळा होता. पण तीनशे वर्षांनंतर, वेढा नसताना, निवांत सुटीत जाणाऱ्या माणसानेही दुर्गाकडे पाठ फिरवून रायगडच पाहावा, याचे नवल वाटते.

गो. नी. दांडेकरांचे उदाहरण येथे आठवते. त्यांच्या दुर्गप्रेमात भक्तीचा अंश मोठा, क्वचित अतिरेकाचाही. तरी त्यांचे दुर्ग वाचकाच्या मनात उभे राहतात, कारण तेथे कोणी तरी राहत असते. ‘माचीवरला बुधा’ वाचल्यावर राजमाची म्हणजे त्या म्हाताऱ्याचे घर होऊन जाते, आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ वाचल्यावर तुंग. जिंजीस असा लेखक मराठीत लाभलेला नाही. तिचा साधार इतिहासही प्रथम सी. एस. श्रीनिवासाचारी यांच्या १९४३ च्या इंग्रजी ग्रंथातून आमच्यापैकी अनेकांनी वाचला.

शब्दांची अडचणही खरी आहे. माची, नेढे, सोंड हा आमचा दुर्गकोश सह्याद्रीच्या काळ्या, थरांथरांच्या दगडातून निघाला. जिंजीचा दगड वेगळ्या जातीचा. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग या तिन्ही टेकड्या म्हणजे गोलट, उन्हात तापणाऱ्या प्रचंड धोंड्यांच्या राशी, आणि त्या राशींना बांधून घेणारा तट. येथे ‘उत्तुंग कडा’ म्हणून भागत नाही. एका लेखिकेने या धोंड्यांस कोणी उतरंड रचता रचता मध्येच उठून जावे तसे म्हटले होते. सबंध लेखात तेवढे एक वाक्य तिचे स्वतःचे होते, आणि तेवढेच आमच्या लक्षात राहिले.

आणखी एक गोष्ट या लेखांतून जवळजवळ नेहमी गळते. पायथ्याच्या गावात कोणास विचारावे, तर तो राजारामाचे नाव सांगणार नाही, देसिंग राजाचे सांगेल. हा तेजसिंग बुंदेला १७१४ मध्ये अर्काटच्या सादतुल्लाखानाशी लढताना ऐन तारुण्यात पडला. त्याची कथा तमिळ लोक अजून गातात. दुर्गात सादतुल्लाखानाची मशीद आहे, वेंकटरमणाचे देऊळ आहे, नायकांचे बांधकाम आहे. ‘आपला किल्ला’ म्हणत चढणाऱ्यास हे सारे दिसते, पण तो लिहीत नाही, जणू लिहिल्याने आपला हिस्सा कमी होईल! ज्या प्रदेशात आपण नोकरी करतो, ज्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या आठवणीस आपल्या लेखात एक परिच्छेदही मिळू नये, हे आम्हांस अशोभनीय वाटते. लेखाचेही त्यात नुकसानच होते. कारण दोन आठवणी एका दगडावर कशा नांदतात हाच तर तेथे लिहिण्याजोगा विषय आहे.

जोडीने जाणाऱ्यांस एक सोय असते, ती टोळीने जाणाऱ्यांस नाही. टोळी एकाच स्वरात जयजयकार करते. दोघांचे मात्र एकमत होण्याची सक्ती नसते. राजगिरीच्या माथ्यालगत कातळात एक खोल भेग आहे. तिच्यावरचा पूल ओलांडल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथे एकास झुल्फिकारखान आठवेल, दुसऱ्यास वर रंगनाथाच्या देवळाकडे फुले घेऊन चढणारा पुजारी. दोघे त्या पुलावर काय बोलले, ते तसेच्या तसे आम्हांस वाचावयाचे आहे.