गाडीतले गीतरामायण : सीडी की आयपॉड?

"बाबा, रावण मेला ना? मग सीता परत त्याला का ओरडते आहे?"

आमच्या धाकट्याने हा प्रश्न विचारला तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि आम्ही मराठी शाळेला निघालो होतो. गाडीत बाबूजींचे गीतरामायण चालू होते. आयपॉड ‘शफल’वर होता, त्यामुळे रावणवध आधी झाला आणि अशोकवनातली सीता त्यानंतर आली. मागच्या सीटवरून आमची थोरली म्हणाली, "अरे, ते आधीचं आहे." तिला ठाऊक होते, कारण ती सीडीवर वाढली. तिच्या लहानपणच्या गाडीत सहा सीडींचा चेंजर होता. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून आणलेल्या सीडी त्यात एकदा भरल्या, की महिनोन्‌महिने कोणी हात लावत नसे. शाळा पस्तीस मिनिटांवर. त्यामुळे जाताना अयोध्या, येताना अरण्य, असा तिचा रामायणाचा अभ्यास झाला. दोन्ही मुलांनी तीच गाणी त्याच आवाजात ऐकली, पण एकीला कथा मिळाली आणि दुसऱ्याला गाणी.

आमच्या मंडळात ‘गाडीत सीडी बरी की आयपॉड’ हा वाद बरीच वर्षे चालला. कोजागिरी असो की पॉटलक, जेवणानंतर दोन तट पडायचे. सीडीवाल्यांचा दावा आवाजाचा, तर आयपॉडवाल्यांचा सोयीचा. मला आता वाटते की दोघेही भलत्याच मुद्द्यावर भांडत होते.

आधी आवाजाचे पाहू. सीडीवर एका सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. एमपीथ्रीत तीच १२८ किंवा २५६ वर आणलेली असते. आकडे ऐकून सीडी जिंकल्यासारखी वाटते खरी. पण ताशी पासष्ट मैलांनी धावणाऱ्या गाडीत टायर, वारा आणि इंजिन मिळून सत्तर डेसिबलच्या आसपास गोंगाट करत असतात. विलंबित ख्यालातला मंद्र सप्तकातला आलाप त्यात बुडतो, मग तो सीडीवरचा असो की आणखी कशावरचा. मी एकदा सौभाग्यवतींना ड्रायव्हिंगला बसवून, आपण डोळे मिटून, परीक्षा दिली. ती न सांगता सीडी आणि आयपॉड आलटून पालटून लावत होती. १२८ वर तानपुऱ्याची जवारी पातळ झाल्याचे मला ओळखता आले. २५६ वर दहापैकी पाच वेळा बरोबर आलो, म्हणजे नाणे उडवून जे झाले असते तेच. त्या दिवसापासून आवाजाच्या वादातून मी अंग काढून घेतले.

सोयीचा दावाही तेव्हा तितकासा खरा नव्हता. २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला, पाच गिगाबाइटचा, खिशात हजार गाणी. पण खिशातली गाणी गाडीच्या स्पीकरपर्यंत न्यायची कशी? कोणी कॅसेटच्या खाचेत वायरवाली खोटी कॅसेट सरकवली. कोणी लायटरच्या भोकात एफएम ट्रान्समीटर खोचला. न्यू जर्सीहून आय-९५ ने वॉशिंग्टनला जाताना त्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी किती वेळा बदलावी लागे, ते ज्याने भोगले त्यालाच माहीत. भीमसेनजींच्या तानेत मध्येच फुटबॉलची कॉमेंट्री! पुढे गाड्यांत ऑक्सचे भोक आणि यूएसबी आले आणि हा छळ संपला.

खरा फरक क्रमात आहे. एमपीथ्री बनवताना गाण्याचे ११५२ नमुन्यांचे तुकडे पाडतात, आणि सुरुवातीला व शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते. एका गाण्यानंतर दुसरे लावले की मध्ये निमिषभर शांतता येते. सिनेमाच्या गाण्यांत ती कळतसुद्धा नाही. पण सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पाडलेले असतील तर तानपुरा मध्येच उचकी दिल्यासारखा थांबतो. गवई थांबलेला नसतो, यंत्र थांबते. आयपॉडने हा दोष सुधारला तो २००६ च्या सप्टेंबरात, म्हणजे जन्मानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांच्या डोळ्यांसमोर तीन-चार मिनिटांचे सुटे गाणे होते, हे यावरून कळते. आपले बरेचसे संगीत तसे नाही.

गीतरामायण तर मुळीच नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याची सुरुवात झाली आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत येत गेले. एकूण छप्पन. श्रोता पुढच्या प्रसंगासाठी आठवडाभर थांबत होता. शिवाय गदिमांनी त्याला चौकट घातली आहे : पहिल्या गीतात लव-कुश प्रत्यक्ष रामासमोर गायला उभे आहेत आणि छप्पन्नाव्यात वाल्मीकी त्याच गायनासाठी त्यांना निरोप देतो आहे. म्हणजे शेवट ऐकल्यावर पुन्हा पहिल्याकडे जायचे. शफलमध्ये ही चौकट मोडते हे उघड आहे. पण शफल बंद करूनही सुटका नाही. अनेक गाड्यांचे स्टिरिओ फाइली इंग्रजी वर्णानुक्रमाने लावतात. त्या हिशेबाने शेवटचे गीत ‘जी’मध्ये पडते आणि पहिले ‘एस’मध्ये. म्हणजे वाल्मीकीचा निरोप आधी आणि रामाची सभा मागाहून! सुतळीबॉम्बने एवढे झाले नसते.

दुसरा फरक नावांचा, आणि मला तो जास्त बोचतो. मुलाने एकदा विचारले, "हे गाणं सुधीर फडक्यांनी लिहिलं ना?" त्याच्या आयपॉडवर ‘आर्टिस्ट’ म्हणून एकच नाव दिसत होते. इंग्रजी पॉपमध्ये गाणाराच पुष्कळदा लिहिणारा असतो, तेव्हा एक रकाना पुरतो. आपल्याकडे गीत, संगीत, स्वर हे त्रिकूट आकाशवाणीच्या निवेदिका आदराने सांगत आल्या. बोरकर, पाडगावकर, आरती प्रभू ही नावे आपल्यापैकी कित्येकांना पुस्तकांआधी रेडिओवरच भेटली. १९९६ च्या पहिल्या ‘आयडीथ्री’ टॅगमध्ये शीर्षकाला तीस, कलाकाराला तीस, अल्बमला तीस अक्षरे होती, आणि कवीला शून्य. १९९८ च्या सुधारित आवृत्तीत संगीतकार आणि गीतकार असे दोन्ही रकाने आले. गंमत म्हणजे ते आजही बहुतेक रिकामेच असतात, आणि भरले तरी गाडीच्या पडद्यावर दिसत नाहीत.

आता दोष कोणाचा? इथे आपणही थोडे ओशाळायला हवे. संगीताच्या सीडीवर बहुधा गाण्यांची नावे नसतातच, फक्त आवाज असतो. कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर जी नावे येत, ती ट्रॅकच्या लांबीवरून सीडीडीबी नावाच्या साठ्यातून शोधली जात, आणि तो साठा लोकांनीच टंकून भरलेला होता. मराठी सीडीची नावे कोणी टंकली असतील? आपल्यासारख्याच कोणी, रात्री अकरा वाजता, मुले झोपल्यावर. माझ्या जुन्या आयपॉडवर गीतरामायण तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी होते आणि नाट्यसंगीताची एक अख्खी सीडी ‘वर्ल्ड’ या खात्यात पडली होती. रकाना असता तरी आपण भरला असता का, हा प्रश्न उरतोच.

म्हणून सीडीला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. २००९ च्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनातून मी पिशवीभर सीडी आणल्या. त्यातल्या निम्म्या ‘सुवर्ण’ नाहीतर ‘अविस्मरणीय’ होत्या. नाट्यगीतांच्या एका सीडीवर नाटकांची नावे नव्हती, भावगीतांच्या एका सीडीवर कवींची नव्हती. क्रम म्हणावा तर कंपनीतल्या कोणाच्या तरी मर्जीचा. आणि घरी जाळलेल्या सीडी! वर हौसेने कागदी लेबल चिकटवायचे, उन्हाळ्यात पार्किंगमध्ये ते फुगायचे आणि सीडी प्लेअरच्या तोंडात अडकायची. माझी एक तशीच अडकून राहिली. ती गाडी मी सीडीसकट विकली.

एका बाबतीत मात्र गाडीतल्या सीडी प्लेअरला तोड नव्हती. इंजिन बंद केले की तो जिथे थांबे, तिथूनच परत सुरू होई. पुलंच्या कथाकथनाला हे फार सोयीचे. ‘म्हैस’ ऐकताना एसटी रस्त्यात अडकलेली असावी, आपण ग्रोसरीला उतरावे आणि परत आल्यावर खोळंबा तसाच चालू असावा! आज फोन ब्लूटूथला जोडला की माझ्या गाडीत बहुतेक वेळा काहीतरी भलतेच सुरू होते.

मे २०२२ मध्ये आयपॉड बंद झाल्याचे जाहीर झाले. अमेरिकेत नव्या गाड्यांत सीडी प्लेअर शोधावा लागतो. आमच्या वादातले दोन्ही पक्ष असे एकदमच निवृत्त झाले आणि जागा स्ट्रीमिंगने घेतली. त्याच्याकडे गाणी अमाप आहेत, पण ती आपली नाहीत. मी जपून ठेवलेल्या यादीतली दोन गाणी मागल्या वर्षी राखाडी झाली, कारण सांगितले नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात नेटवर्क गेले की बाकीचीही गप्प.

त्यामुळे मी आता सगळ्या सीडी ‘फ्लॅक’मध्ये उतरवून काढतो आहे, म्हणजे आवाजातला एक बिटही न गमावता, आणि नखाएवढ्या यूएसबी स्टिकवर घालून गाडीत ठेवतो. ज्यांच्याकडे सीडी माळ्यावर पडून आहेत त्यांनी हे करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण जाळलेल्या सीडींतला रंग उडत जातो आणि मग त्या वाचता येत नाहीत. फाइलीच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक घालावेत. नुसते १, २ घातले तर काही स्टिरिओ एकनंतर थेट दहावर उडी मारतात.

गीतरामायणाचे काम धाकट्याला दिले आहे. तो आता पंधरा वर्षांचा आहे आणि तासाला दहा डॉलर मागतो. छप्पन नावे त्याने देवनागरीत टंकली, तर आमच्या जुन्या गाडीच्या पडद्यावर छप्पन वेळा चौकोन उमटले. परत रोमनमध्ये टंकली. गीतकाराचा रकाना दिसत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच तोड काढली आणि अल्बमच्या नावातच ‘गीतरामायण – माडगूळकर’ असे घातले. पडदा लहान आहे, त्यामुळे ‘माडगू’पर्यंतच दिसते.