आरांच्या सुरया आणि आपली उतरंड

आज कृष्णाजी हौलाजी आरा यांच्या स्थिरचित्रांविषयी बोलायचं आहे. स्थिरचित्र म्हणजे स्टिल लाइफ : फुलदाणी, फळं, सुरई, टेबल. संपलं! यात बोलण्यासारखं काय, असं काहींना वाटेल. आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

आरांचा जन्म १९१४ सालचा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. डोंगरकड्यात बसून हे नाव परकं वाटायचं कारण नाही. हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी बोलारमला होती, तशी एक आपल्या हिंगोलीलाही होती. एकाच जुन्या निजामी मुलखातली ही माणसं. लहानपणीच आरा मुंबईला पळून गेले. तिथं घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. रुडी व्हॉन लायडन या समीक्षकानं त्यांची चित्रं पाहिली आणि पाठीशी उभा राहिला. १९४२ मध्ये चेतना रेस्टॉरंटमध्ये पहिलं प्रदर्शन झालं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत ते होते. पुढे सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. आरा मुंबईतच राहिले.

आता आक्षेप बघा. सूझा, हुसेन यांचे विषय मोठे. आरा आपले फुलदाण्यांचे चित्रकार. हा निवाडा आपला नाहीच. सतराव्या शतकात फ्रेंच अकादमीनं विषयांची उतरंड रचली, त्यात स्थिरचित्र अगदी तळाशी ठेवलं. पण उतरंडीचा सगळा भार तळाच्या मडक्यावरच असतो, हे आपल्या घरातल्या बाईला विचारा!

हायडेगर यांनी १९५० साली वस्तूवर व्याख्यान दिलं, तेव्हा उदाहरण सुरईचंच घेतलं. सुरई पाणी धरते ती आतल्या पोकळीमुळे, असं त्यांचं म्हणणं. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, आरांच्या 'टू जग्ज'ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. प्रश्न मात्र शेजारचे आहेत.

हुआन ग्रीस हा स्पॅनिश चित्रकार बाटली, गिटार यांचे कोन पाडून त्यांची नव्यानं जुळणी करतो. आरा वस्तू फोडत नाहीत. सेझानकडून ते शिकले, पण भांडं अखंड ठेवलं. जलरंग आणि गुआशसुद्धा ते इतके दाट लावतात की तैलरंगाचा भास व्हावा. त्यामुळे वस्तूला वजन येतं. भांडी ज्यानं घासली, उचलली, त्याच्या हाताला हे वजन ठाऊक असणार, असं आम्हाला वाटतं. पण चरित्र हा चित्राचा पुरावा नव्हे. पुरावा रंगातच शोधायचा.

आणि तो सगळीकडे सापडत नाही, हेही सांगायला हवं. आरांनी फुलं फार रंगवली. काही चित्रं नुसतीच प्रसन्न आहेत. भिंतीवर शोभतील, पुढं काही नाही. सरसकट कौतुक केलं तर आपण त्यांच्यावर दुसरा अन्याय करू.

म्हणून एक करा. आरांचं चित्र समोर आलं की आधी फुलांकडे पाहू नका. फुलदाणी टेबलाला जिथं टेकते, तिथं पाहा. ती तिथं नीट बसली असेल, तर मग वर फुलांकडे जा.