कीकरी कोण ऐकतं?

दिवाळीत आदिलाबादला येऊन गेलेल्या पाहुण्याला काय पाहिलंत म्हणून विचारा. मोरपिसांचा भलाथोरला टोप, अंगाला फासलेली राख, खांद्यावर कातडं, हातात सोटा, पायात घुंगरू. गुसाडी नाचणारा त्याला तोंडपाठ असतो. मोबाइलमध्ये तर असतोच. मग विचारा, ऐकलंत काय? ‘ढोल होते,’ एवढं सांगून गडी गप्प होतो. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यातल्या उत्सवी कलेचं जे चाललं आहे ते या गप्प होण्यात आलं.

गुसाडी ज्या दंडारीत नाचतो तिचं नाव घेतलं की विदर्भातल्या वाचकाला झाडीपट्टीतली दंडार आठवेल. ती लोकनाट्याकडे झुकते. राजगोंडांची दंडारी म्हणजे दिवाळीच्या दिवसांत गावोगाव फिरणारं पथक. त्यात गुसाडी असतात, बाईचा वेश घेतलेले पोरीक असतात आणि वाजवणारे असतात. पथक कुठल्याही गावात जात नाही. जिथे सोयरीक आहे किंवा होऊ शकते तिथे जातं. यजमान गाव जेवू घालतं, रात्रभर नाच चालतो, पाहुणे मुक्काम करतात. गुसाडीच्या टिंगलटवाळीलाही त्या नात्याचा आधार असतो, कारण ज्याची थट्टा होते तो उद्याचा व्याही असू शकतो. असा कार्यक्रम हैदराबादच्या रंगमंचावर दहा मिनिटांत कसा बसवायचा? बसवतात. टोप येतो, उड्या येतात, एक गोल रिंगण होतं आणि टाळ्या पडतात. सोयरीक मात्र बसमध्ये चढत नाही.

मंचाला नावं ठेवणं सोपं आहे, आणि मी ती सरसकट ठेवणार नाही. मारलावाईच्या कनक राजूंनी आयुष्यभर पोरांना गुसाडी शिकवला, दिल्लीपर्यंत नेला. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले तेव्हा राज्यभर बातमी झाली. आदिवासी नाचणाऱ्याच्या मृत्यूची एवढी दखल घेतली गेली, याचं श्रेय मंचालाही द्यायला हवं. तक्रार वेगळी आहे. मंच डोळ्यांना पोसतो. ज्या पेपरेवर, म्हणजे इथल्या सनईवर, गुसाडीचं पाऊल पडतं ती फुंकणारा मागच्या रांगेत, अर्धा अंधारात उभा असतो. त्याचं नाव निवेदक घेत नाही. ढोलवाल्याचं तर नाहीच.

हा मागच्या रांगेतला माणूस बहुतेकदा परधान असतो, आणि मराठी वाचकाने इथे जरा थांबावं. परधान हे गोंडांचे भाट. गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या, देवांच्या, स्थलांतरांच्या कथा त्यांच्या तोंडी असतात; पेर्सा पेनच्या म्हणजे कुळदेवाच्या पूजेत आणि मरणानंतरच्या विधीत त्या गाव्या लागतात, नाहीतर विधी पुरा होत नाही. गाणं गोंडीत. पण आदिलाबादच्या परधानाची घरची बोली मराठी आहे. बायकोशी भांडतो मराठीत, बैलाला हाकतो मराठीत, आणि रात्री गजाने वाजवायची कीकरी मांडीवर घेतली की गोंडांच्या पुराणपुरुष लिंगोची कथा गोंडीत लावतो. एका भाषेचं महाकाव्य दुसऱ्या भाषेच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलं जातं, असं उदाहरण मला तरी आसपास दुसरं माहीत नाही. आमच्या लोकसाहित्याच्या अभ्यासाने वासुदेव, गोंधळी, पोतराज, डक्कलवार सगळ्यांची नोंद केली. परधानाच्या दारात तो क्वचितच गेला. गोंडी गातो म्हणून तो आपला नाही, आणि मराठी बोलतो म्हणून अस्सल आदिवासी वाटत नाही!

अपवाद आहे, आणि तो सन्मानाने सांगायला हवा. निजामाच्या राज्यात अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी या मुलखात राहिले, गोंडी शिकले, तिचं व्याकरण लिहिलं आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक केलं. मराठी माणूस त्यांना शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून ओळखतो. गोंडांमधले पगडी आपल्या चर्चेत नसतात. त्यांच्याआधी इथे आलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या 1948 च्या ग्रंथात गोंडांची मिथकं आणि विधी तपशिलाने आले आहेत. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून लिंगोची कथा उतरवून घेतली. ती त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये छापली गेली. म्हणजे शब्द दीडशे वर्षांपासून कागदावर आहेत. पण कथा सांगताना परधान मध्येच बोलणं सोडून गजाने नुसते सूर ओढतो आणि त्या सुरात पुढच्या प्रसंगाची हवा तयार होते, ते कुठल्या कागदावर उतरवणार?

कीकरी दिसायला काही नाही. पोकळ लाकूड, त्यावर ताणलेलं चामडं, तीन तारा, एक गज. आवाज सारंगीसारखा गोड नाही. थोडा घोगरा, नाकातून येणारा, म्हाताऱ्या माणसाच्या हुंकाराजवळचा. ध्वनिक्षेपकात तो चिरका होतो, म्हणून आयोजकांना ढोल आवडतो. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या परंपरेत आद्य परधान हिरासुका पाटालीर याच्या वाद्याने कोंडलेले देव बाहेर आले असं मानतात. देवांना बाहेर काढणारं वाद्य आणि मंचावर त्याला माइक नाही, हा विनोद परधान स्वतःच करतात.

पुष्य अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. माझ्या मते या जिल्ह्यात सूर अजून जागेवर आहे तो इथेच. मेस्राम कुळाचे लोक अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, मध्यरात्री महापूजा होते, नव्या सुनांची देवाला भेट घातली जाते. त्या वेळी पेपरे आणि कालीकोमचा, म्हणजे तुतारीसारख्या वाद्याचा, आवाज अंधारातून येतो तेव्हा तो कोणासाठी कार्यक्रम नसतो. वाजलं नाही तर पूजा अडेल, म्हणून वाजतं. देवळाच्या भिंतीपलीकडे आकाशपाळणे, खेळण्यांची दुकानं, तेलुगू सिनेमाची गाणी. दोन्ही आवाज एकमेकांत घुसतात आणि तरी आतला बिघडत नाही, हे मी ऐकलं आहे. दिवसा दरबार भरतो. 1940 मध्ये जोडेघाटला गोंड नेते कोमुरम भीम मारले गेले, त्यानंतर सरकारने गोंडांचं गाऱ्हाणं ऐकावं म्हणून हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. आता तिथे मंत्री, अधिकारी, हार, भाषणं. गाऱ्हाण्यात जमीन असते, रस्ता असतो, पाणी असतं. परधानाच्या मानधनाचा मुद्दा मी तरी तिथे ऐकला नाही.

मानधन हा शब्दही इथे उपराच. पूर्वी परधानाला दाता असायचा, ठरलेल्या कुळाचा गोंड. सुगी झाली की परधान त्याच्या दारी जायचा, धान्य मिळायचं, कधी बैल, कधी लुगडं-धोतर. गोंडांच्या जमिनी सावकारांच्या आणि बाहेरून आलेल्यांच्या हातात गेल्या, शेतात ज्वारीच्या जागी कापूस आला, आणि कणगीतून मोजून द्यावं असं दात्याकडे फार उरलं नाही. एप्रिल 1981 मध्ये इंद्रवेल्लीला गोळीबार झाला तो याच जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर. कलेचा ऱ्हास म्हणून जो सांगतात त्याचा पहिला धडा महसुलाच्या दप्तरात सापडेल. टीव्ही आणि डीजे फार नंतर आले.

डीजेची मात्र मी गय करणार नाही. बेला, जैनथ या पैनगंगेकडच्या मराठी गावांत टाळ-पखवाजाचं भजन आहे, सप्ताह आहेत, पोळा जोरात होतो. पण गणपती विसर्जनाला तीच गावं ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर चढवतात. आजोबा टाळकरी, नातू डीजेचा ऑपरेटर, घर एकच.

उलट गोंडी पोरांचा डीजे मला तितका टाकाऊ वाटत नाही. उटनूरची आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या किनवटची पोरं कीबोर्डवर गोंडी गाणी करतात, यूट्यूबवर टाकतात. ताल बराचसा साचेबंद, आवाज यंत्राने गुळगुळीत केलेला. पण भाषा गोंडी असते, आणि 1956 मध्ये किनवट-राजुरा आदिलाबादमधून पलीकडच्या राज्यात गेले तेव्हा दोन राज्यांत वाटला गेलेला श्रोता या गाण्यांखाली पुन्हा एकत्र दिसतो. मला खटकतं ते एवढंच की या नव्या गाण्यांत जुनी दीर्घ कथा नाही. तीन मिनिटांत प्रेम बसतं, कुळ बसत नाही.

एका परधान म्हाताऱ्याच्या ओसरीवर मागे बसलो होतो. वऱ्हाडी वळणाच्या मराठीत त्यांनी सांगितलं की पूर्ण कथा लावायची तर तीन रात्री लागतील, तुम्हाला वेळ आहे का. मला दुपारची बस होती. त्यांनी हसून कीकरीच्या खुंट्या पिळल्या, सुरुवातीचा, देवांना हाक घालायचा भाग तेवढा गायला. नातू मोबाइल धरून उभा होता. गाणं संपल्यावर त्याने तेलुगूत विचारलं, ‘ताता, इथे नाच कुठे येतो?’ म्हातारबुवांनी गज पुसला, वाद्य पिशवीत घातलं आणि मला म्हणाले, बस येईल आता, निघा.