संगीतसूर्याचा खरा विजय

ऑपेरात कथा बहुधा गाऊनच उलगडते. आपल्या संगीत नाटकात गद्यातून पद उमलते. म्हणून येथील गायकास नटही व्हावे लागते. कोल्हापूरचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) ‘शारदे’च्या भूमिकेने बालपणीच गाजले, १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त ते धैर्यधर, तर प्रतिस्पर्धी मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले. त्या रात्री कोण जिंकले, हा वाद आम्हांस गैरलागू वाटतो. नायकाने नायिकेला गाण्यात हरविले, तर नाटकच हरते. तीन महिन्यांत केशवराव निवर्तले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, जयंतीच्या पूर्वसंध्येस, त्यांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह जळाले. भिंती पुन्हा बांधता येतात. समोरच्याचा सूर सांभाळणारा गायक मात्र घडवावा लागतो.